सव्वा महिन्यानंतरची आई

(वाशीम येथे माता-पालकांच्या मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

उपस्थित माता-भगिनींनो, आणि मागच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या बंधूंनो,

‘तान्हे, रांगते मूल सांभाळताना आईने स्वतःसाठी वेळ कसा काढावा’ असा विषय संयोजकांनी मला दिला. त्यांचे पत्र घरी मोठ्याने वाचले तेव्हा आमच्या सौभाग्यवती खळखळून हसल्या. “या विषयावर तुम्ही बोलणार?” एवढेच त्या म्हणाल्या. त्या का हसल्या ते पुढे सांगेन, कारण ते सांगितल्यावाचून या व्यासपीठावर उभे राहण्याचा मला अधिकार नाही. आधी एक जुनी कथा आठवू या.

भागवताच्या दशमस्कंधातील दामोदराची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. नंदाघरच्या दासी त्या दिवशी दुसऱ्या कामांत गुंतल्या होत्या, म्हणून यशोदा स्वतःच ताक घुसळायला बसली. बाळकृष्ण आला आणि रवी धरून हटून बसला. तिने त्याला मांडीवर घेऊन पाजायला सुरुवात केली, तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. मुलाला खाली ठेवून ती धावली. इकडे पोराने रागाने दह्याचे मडके फोडले. शेवटी तिने त्याला उखळाला बांधले आणि ती पुन्हा घरकामाला लागली. पुढे उखळ ओढत तो दोन वृक्षांमध्ये शिरला आणि वृक्ष उन्मळून पडले. सारे गोकुळ धावत आले. नंदबाबाही आले, बांधलेल्या लेकराकडे पाहून हसले आणि त्यांनी दोर सोडला.

कीर्तनकार या कथेतून भक्तीचा रस आपल्याला भरभरून देतात. मी मात्र एक बाप म्हणून ती वाचतो तेव्हा माझे लक्ष शेवटच्या वाक्याशी अडते. सकाळपासून ताक, दूध, चूल आणि मूल या चौघांशी एकटी यशोदा झुंजत होती. नंदबाबा आले ते सर्व आटोपल्यावर, आणि हसले! त्या जागी मला माझाच चेहरा दिसतो.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हा आमचा मुलगा दीड वर्षाचा होता. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या. आज मंगरूळपीर, उद्या मानोरा, परवा रिसोड अशी माझी धावपळ चाले. भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि ते दुडदुडणारे पोर. आई-वडील गावी, शेतीत. रात्री मी घरी येई तेव्हा मूल झोपलेले असे आणि घर आवरलेले असे, त्यामुळे सारे व्यवस्थित चालले आहे अशी माझी समजूत होती. न्हाणीचे दार ती लावत नसे, हे मला कित्येक वर्षांनी कळले. दार लोटून ठेवायचे, आतून मोठ्याने बोलत राहायचे, म्हणजे बाहेर मग आणि बादली घेऊन बसलेल्या पोराला आई जवळ आहे असे वाटते. तो गप्प झाला की तिने तांब्या टाकून बाहेर यायचे. अशी अंघोळ तिने दोन वर्षे केली.

त्याच काळात तिची दाढ दुखू लागली. चार महिने ती एका बाजूने चावत होती. शेवटी तोंड सुजले तेव्हा तिला घेऊन मी अकोल्याला दंतवैद्याकडे गेलो. दोन दाढा काढाव्या लागल्या. “इतके दिवस काय करीत होता?” असे डॉक्टरांनी विचारले. प्रश्न रुग्णाला होता, पाहिले मात्र त्यांनी माझ्याकडे. परतताना बसमध्ये मीही तिला तेच विचारले. ती म्हणाली, “दवाखान्यात दोन तास जायचे, तर त्याला कोणाजवळ ठेवले असते?”

त्याच आठवड्यात मातृशक्तीच्या गौरवाचा माझा एक लेख छापून आला होता. त्याचे कात्रण मी अजून जपून ठेवले आहे. लेख चांगला होता म्हणून ठेवलेले नाही.

आपल्या समाजाने बाळंतिणीची काळजी घेतली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. सव्वा महिना तिला माहेरची ऊब मिळते. तेल लावून न्हाऊ घालणे, शेक-शेगडी, धुरी, ओवा-शेपा, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू! गरिबाच्या घरीही यातले काहीतरी होतेच. त्या चाळीस दिवसांत तिचे शरीर हे साऱ्या घराचे काम असते. आणि मग एके दिवशी ओटी भरून तिला सासरी धाडतात, तेव्हा ते काम संपते. पुढे लेकरू रांगू लागते, चालू लागते, दिसेल ते तोंडात घालते, उंबरठा ओलांडते. खरी दमछाक तेव्हा सुरू होते. सव्वा महिन्याच्या बाळाला पाळण्यात ठेवून पोळ्या लाटता येतात. दीड वर्षाच्या मुलाकडे पाठ फिरवता येत नाही. नेमक्या त्या काळासाठी आपल्याकडे ना रीत आहे, ना लाडू.

सरकारी व्यवस्थेतही हीच फट आहे. अंगणवाडीत मूल बसवायचे ते तीन वर्षांचे झाल्यावर. त्याआधी त्याच्यासाठी घरी आहार मिळतो, वजन होते, लसीकरण होते; पण त्याला दोन तास सांभाळणारे कोणी नसते. सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची ‘पालना’ योजना २०२२ पासून आहे. आपल्या गावात ते पाळणाघर कोठे आहे, याची चौकशी इथून गेल्यावर प्रत्येकाने जरूर करावी. सव्वा महिना ते तीन वर्षे, एवढ्या अंतरात आई एकटी आहे.

‘स्वतःची काळजी’ हे शब्द ऐकले की आमच्या काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडते. त्यांना ब्यूटी पार्लर आठवते. (आणि एखादीला तिथे जावेसे वाटले, तर त्यात आकाश कोसळण्यासारखे काय आहे, हेही मला समजलेले नाही.) मी बोलतो आहे ते दार लावून केलेल्या अंघोळीविषयी, गरम असताना खाल्लेल्या भाकरीविषयी, सलग चार तासांच्या झोपेविषयी, वेळेवर केलेल्या रक्ततपासणीविषयी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे या मंडपात डावीकडे बसलेल्या दोघींपैकी एक. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक अन्न लागते, असे आपल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे सांगणे आहे. आणि ती जेवते केव्हा? सर्वांचे झाल्यावर, मुलाने उष्टावलेल्या ताटात, एका हाताने. विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे पाचातील एक स्त्री मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला सामोरी जाते, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपण त्याला ‘चिडचिडी झाली आहे’ असे म्हणतो.

भारत सरकारने २०१९ साली, देशातील माणसे दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची पाहणी केली. मोबदल्याविना घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुळात असे काम करणारे पुरुषच शंभरात २६ निघाले. पाच वर्षांनी, २०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली. स्त्रियांचे आकडे २९९ वरून २८९ वर आले. बरे वाटले. पुरुषांचे ९७ वरून ८८ वर आले! मिक्सर आला, गॅस आला, नळ आला. वाचलेल्या मिनिटांतही आम्ही आमचा वाटा सोडला नाही.

येथे कोणी म्हणेल, एकत्र कुटुंबात हा प्रश्न नव्हता. त्यात तथ्य आहे. कुटुंबपद्धती हे आपले मोठे संचित आहे आणि ते विस्कटल्याची किंमत आजची तरुण आई मोजते आहे. पण त्या वाड्यात मूल कोणाच्या कडेवर असे, तेही आठवून पाहा. आजी, काकू, आत्या आणि फार करून आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. ओसरीवर बसलेल्या पुरुषाच्या मांडीवर मूल येई ते न्हाऊन, पावडर लावून, आणि ओले करताच पुन्हा आत जाई.

त्या थोरल्या बहिणीचे काय होते, हे ज्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले त्या ताराबाई मोडक. लग्नानंतर काही काळ त्या आपल्या वऱ्हाडातच, अमरावतीत राहत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम करून १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आणि १९५७ साली आदिवासींमध्ये काम करण्यासाठी कोसबाडला गेल्या. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ होत्या. शाळा उघडली तरी मुली येईनात, कारण आई मजुरीला गेली की धाकटे भावंड त्यांच्या कडेवर. ‘मुलींना पाठवा हो’ अशी भाषणे करीत ताराबाई बसल्या नाहीत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी केली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात सुरू झाली, तेव्हा हा शब्द साऱ्या भारताचा झाला. मूल कडेवरून उतरवून घ्यायला दुसरा हात दिल्यावाचून कोणत्याही स्त्रीचा वेळ मोकळा होत नाही, हे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी प्रत्यक्ष करून दाखवले.

आपल्या जिल्ह्यात दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी सुरू होते. धुऱ्यावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली दिसते. त्यात निजलेले मूल आणि तासात वाकलेली आई. मूल वर्षाचे होऊन झोळीत मावेनासे झाले की मग? एका शेतमजूर भगिनीला मी विचारले होते, “बाई, लेकराकडे लक्ष कोण देते?” ती म्हणाली, “कोन देते भाऊ! वाकल्या वाकल्या पाहत राहतो.” २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळायला एका स्त्रीला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद होती. पत्रकार म्हणून अनेक कामांवर मी गेलो. अशी नेमलेली बाई मला क्वचितच दिसली, आणि ती का नाही, हे मीही बातमीत विचारले नाही. शेतमालक असलेले काही बंधू इथे आहेत. दहा मजूर बायांमागे एका वयस्क बाईला तेवढीच मजुरी देऊन झाडाखाली बसवणे आपल्याला अशक्य आहे का?

मध्यमवर्गीय घरांत झोळीची जागा आता मोबाईलने घेतली आहे. आईला अंघोळीला जायचे आहे, म्हणून मुलाच्या हाती चालू चित्रफीत. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि त्यापुढेही दिवसाला एक तासाच्या आत ठेवावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचना आहे. हे ऐकून आजोबा मंडळी सुनेला बोल लावतात. माझी त्यांना विनंती आहे : मोबाईल काढून घ्यायचा असेल, तर मूल आपल्या हाती घ्या. आपल्या बालाजी मंदिराच्या परिसरात सायंकाळी निवृत्त बंधूंच्या बैठका रंगतात. देशापुढील सर्व प्रश्न तिथे रोज सुटतात. त्या बैठकीत चार-पाच नातवंडे असती, तर तेवढ्याच घरांत चार-पाच मातांना एक तास मिळाला असता.

भगिनींनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे, आणि ते थोडे अवघड आहे. मूल दुसऱ्याच्या हाती दिल्यावर ते रडेल. त्याला टोपी उलटी घातली जाईल, खिमट सांडेल. तेव्हा दारामागून डोकावू नका. आमची सूनबाई पुण्यात नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे तिकडे दोन महिने होतो. नातू सव्वा वर्षाचा. सकाळी साडेसहा ते साडेसात तो माझ्याकडे, असे ठरले. पहिले चार दिवस त्याने सोसायटी डोक्यावर घेतली. सूनबाई दोनदा अर्धे केस ओले असताना बाहेर आली. मी तिला परत पाठवले. पाचव्या दिवशी तो दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजवण्यात रमला. वेळ ठरलेली असणे, हाच सारा खटाटोप आहे. ‘लागेल तेव्हा हाक मार’ असे म्हणणारा माणूस हाक ऐकू येण्याच्या जागी कधीच नसतो. हे मी स्वानुभवाने, हाक न ऐकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. घड्याळातला एक तास, रोजचा, आणि त्या तासात आई काय करते याचा हिशेब कोणी मागायचा नाही. ती झोपली तरी चालेल.

माझी वेळ संपत आली आहे. संयोजकांनी बाहेर चहाची व्यवस्था केली आहे. मघापासून पाहतो आहे, तिसऱ्या रांगेत एक ताई उभ्यानेच मूल डोलवत भाषण ऐकत आहेत, आणि त्यांचे यजमान मागे पंख्याखाली बसले आहेत. माझी सूचना अशी की, सर्व बंधूंनी आपापली मुले घेऊन पटांगणात जावे. तिथे सावली आहे, मातीही भरपूर आहे. बंधूंचा चहा अर्ध्या तासाने होईल. भगिनींनी आपला चहा आत्ता, गरम आहे तोवर घ्यावा.