बाबांचा अंगठा



मी मुकुटबनचा. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, झरी जामणी तालुक्यात आमचं गाव. थोडं पुढं गेलं की पैनगंगा आणि पलीकडे तेलंगण. गावाभोवती कापूस आणि तूर, जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी. शिक्षण संपल्यावर मी पुण्याला आलो आणि गेली अनेक वर्षं तिथेच सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करतो.

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे नेमकं काय, हे मी गावात आजवर कुणाला समजावून सांगू शकलेलो नाही. सुटीत घरी गेलो की आधी टीव्हीचा रिमोट माझ्यापुढे येतो. मग शेजारच्या काकूंचा मोबाईल, मग कुणाचा तरी मिक्सर, आणि शेवटी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. "मी फक्त प्रोग्राम लिहितो," असं म्हटलं की आई म्हणते, "एवढा शिकला अन् मिक्सर नाही येत तुले?" यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

पुण्यातला माझा दिवस अंगठ्यानं सुरू होतो. सकाळी मोबाईल अंगठ्यानं उघडायचा. ऑफिसच्या दारावर अंगठा लावायचा, की दार उघडतं आणि हजेरीही लागते. लॅपटॉपला पुन्हा बोट. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तरी हे होत असेल. पण आपल्याला अंगठा आहे आणि तो यंत्राला दिसतो, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो विचार करायला लावला बाबांनी.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीला घरी गेलो होतो. बाबांचं एक काम अडलं होतं. त्यासाठी आधारची पडताळणी करायची होती, म्हणून त्यांना घेऊन एका केंद्रावर गेलो. समोर वीस-बावीस वर्षांचा मुलगा संगणकावर बसलेला. त्यानं आधार क्रमांक टाकला, छोटं यंत्र पुढं सरकवलं आणि म्हणाला, "आबाजी, अंगठा लावा."

बाबांनी अंगठा लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. पुन्हा लाल. "आबाजी, हात पुसा." बाबांनी धोतराला हात पुसला. "आता जरा दाबून." बाबांनी असा दाबला की नख पांढरं पडलं. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली. मुलानं ती मोठ्यानं वाचून सांगितली, "ओळख पटली नाही."

मागे रांग होती. कुणीतरी हसलं. बाबा आपल्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, "माह्या अंगठ्याले काय झालं बाप्पा?"

हे बाबांना एवढं का लागलं, ते सांगायला हवं. माझे आजोबा अंगठेबहाद्दर होते. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते न कळता त्यांनी आयुष्यभर निळ्या शाईत अंगठे उठवले. बाबांना ते सलत असे. शाळा चौथीत सुटली, तरी त्यांनी सही घोटून घोटून पक्की केली. शेवटच्या अक्षराखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. सोसायटीत, बँकेत कुणी शाईची डबी पुढं केली, तर ती बाजूला सारून ते पेन मागत. "आमच्या घरचा अंगठा माह्या बापासंगं गेला," असं अभिमानानं सांगत. आणि आता सत्तरी ओलांडल्यावर यंत्र त्यांना सही मागतच नव्हतं. अंगठा मागत होतं, आणि दिला तर तो नाकारत होतं.

घरी आल्यावर मी त्यांचा हात हातात घेऊन नीट पाहिला. लहानपणापासून पाहिलेलाच हात. पण त्या दिवशी इंजिनिअरच्या नजरेनं पाहिला. आपल्या बोटाच्या टोकाला बारीक उंचवट्यांच्या रेघा असतात. कुठे रेघ संपते, कुठे एका रेघेच्या दोन होतात. अशी ठिकाणं यंत्र टिपून ठेवतं. पुढच्या वेळी बोट लावलं, की आधीची आणि आताची ठिकाणं ताडून पाहतं. बाबांच्या अंगठ्यावर या रेघा जवळजवळ उरल्याच नव्हत्या. पन्नास वर्षं डवरणी, विळा, दोरखंड. कापसाच्या सुकलेल्या बोंडांची टोकं वेचणीत बोटांना टोचत राहतात. घराला चुना द्यायचा तोही हातानं, आणि चुना तर कातडी खातोच. जिथे रेघा असायच्या तिथे भेगा होत्या.

बोटाच्या ठशाची ही विद्या आपल्याच देशात वाढली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी रस्त्याच्या सामानाचा करार केला आणि कागदावर त्याच्या अख्ख्या हाताचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की उद्या या माणसानं 'ही सही माझी नव्हे' असं म्हणू नये. पुढं १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. हजारो ठशांतून हवा तो चटकन सापडावा, यासाठी वर्गवारीची पद्धत तिथे बसवली गेली. ती एडवर्ड हेन्री या साहेबाच्या नावानं जगभर गेली. पण तिच्यामागचं बरंचसं डोकं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचं होतं.

आधारची सुरुवातही आपल्या महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी पहिले क्रमांक दिले गेले. त्यानंतर देशात १३० कोटींहून जास्त क्रमांक दिले गेले. ही साधी गोष्ट नाही. त्यामुळे पुष्कळांची पायपीट वाचली, मधले दलाल कमी झाले, हेही खरं. पण ज्यांच्या बोटांवर रेघाच उरल्या नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न तेव्हापासून सोबत आहे. तो सर्वोच्च न्यायालयापुढेही चर्चेला आला.

श्रोतेहो, आता एक कबुली देतो.

आमच्या कंपनीच्या दारावरच्या हजेरीचा प्रोग्राम मीच लिहिला होता. अंगठा ताडून पाहणारं यंत्र विकत घेतलेलं. पण किती जुळलं म्हणजे जुळलं असं धरायचं, तो आकडा मी ठरवला होता. या आकड्याची एक गंमत असते. तो सैल ठेवला तर परका माणूस आत शिरू शकतो. घट्ट ठेवला तर आपलाच माणूस बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर येत नाहीत. मी तो घट्ट ठेवला. चाचणी घेतली ती आमच्या टीममधल्या बारा जणांवर. सगळे कीबोर्डवर काम करणारे, मऊ बोटांचे. झकास चाललं. अहवालात मी लिहिलं, 'ओळख न पटण्याचं प्रमाण नगण्य.'

कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या एक मावशी होत्या. साबण आणि राखेनं त्यांची बोटं गुळगुळीत झालेली. दर सकाळी त्या दाराशी उभ्या असायच्या. मी शेजारच्या यंत्रावर अंगठा लावून आत जाताना म्हणायचो, "मावशी, पुन्हा लावा, लागेल." त्यांच्या पगारातून दोन दिवस कापले गेले होते, हे मी ऐकलंही होतं. ते माझ्या आकड्यामुळं झालं, हे काही मनात आलं नव्हतं. माझ्या अहवालात त्या 'नगण्य' होत्या. त्यांच्यापुरतं ते प्रमाण रोजचं होतं.

बाबांचा अंगठा हातात असताना मला त्या मावशी आठवल्या. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा केंद्रावर यायला तयार नव्हते. "मले नाही यायचं हसं करून घ्याले," म्हणाले. कसंबसं नेलं. आज रांग नव्हती. कालचाच मुलगा होता. माझ्याआधी तोच म्हणाला, "आबाजी, आज डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट लावून पाहू. शेतीवाल्यांचं ते बोट कमी झिजते." त्यानं ओल्या फडक्यानं बाबांचं बोट स्वतः पुसलं, कोरडं केलं आणि अलगद यंत्रावर टेकवलं. हिरवा दिवा लागला!

त्या बोटाला आपण अनामिका म्हणतो. अनामिका, म्हणजे जिला नाव नाही ती. बाबांचं नाव शेवटी तिनं सांगितलं.

मी पुण्यात लठ्ठ पगार घेऊन जे शिकलो नव्हतो, ते हा मुलगा रोज माणसं पाहून शिकला होता.

तुमच्या घरात असे झिजलेले हात असतील, तर एवढं लक्षात ठेवा. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. अंगठाच लागला पाहिजे असं नाही, दुसरं बोट लावून पाहा. अनेक ठिकाणी डोळ्याच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या अंकांवरूनही पडताळणी होते. ती सोय आहे का, हे विचारा. त्यासाठी आधारला चालू मोबाईल क्रमांक जोडून ठेवा. जुने ठसे आधार केंद्रावर नव्यानं देता येतात. आणि मुख्य म्हणजे लाल दिवा लागला तर शरमू नका. चूक तुमची नाही.

पुण्याला परतल्यावर मी तीन कामं केली. प्रत्येकाची एकाऐवजी चार बोटं नोंदवायची सोय केली. दाराशी एक वही ठेवायला लावली. बोट लागलं नाही तर वहीत सही, आणि ती हजेरी धरायची. मॅनेजरला सगळं सांगितलं, तेव्हा मावशींच्या दोन दिवसांचे पैसेही मिळाले. तिसरं काम पाच मिनिटांचं होतं. 'ओळख पटली नाही' हे वाक्य मी काढून टाकलं. तिथे लिहिलं, 'यंत्राला ठसा वाचता आला नाही. कृपया दुसरं बोट लावा.'

बाबांना फोनवर हे सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहीत सही करता येते म्हणतोस? मंग बरं केलं."