शांत गावाचा भोंगा
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी विद्वान नाही. मिलच्या रिंग खात्यात तुटलेला धागा जोडणारा माणूस. पाळ्या करता करता जे वाचलं, त्यातलं थोडं बोलतो.

पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात, तुमचं अचलपूर लय शांत, ऐतिहासिक गाव आहे. दुल्हा दरवाजा पाहतात, हौज कटोरा पाहतात, फोटो काढतात अन् जातात. पण बाप्पा, हे गाव शांत काऊन झालं? 1490 मध्ये इमादशाही सुरू झाली, तेव्हा ही वऱ्हाडची राजधानी. पुढे नबाब आले. 1853 ला वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. त्यांच्या राज्यात एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता, तो 1905 साली मोडून अमरावतीत घातला. साहेब गेले, कचेऱ्या गेल्या. शांतता अशी आली.

आपल्या लोकांची शांतता त्याहून जुनी. गावोगावी आपला वेसकर रात्रभर वेशीवर जागायचा अन् दिवसा त्याच वेशीतून मान खाली घालून जायचा. दरवाज्यांचा विषय निघाला की नबाबाचं नाव निघते. दगड कोणी वाहिले, चुना कोणी मळला? मी पुष्कळ शोधलं, एक नाव सापडलं नाही.

ही शांतता मोडली ती 13 नोव्हेंबर 1927 ला. अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी अमरावतीला परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. मग 1956. माझे वडील तेव्हा विशीतले. शकुंतला गाडीनं मूर्तिजापूरपर्यंत 76 किलोमीटर, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. सोबत चार भाकरी अन् कांदा. परत आले ते देव्हारा मोकळा करूनच जेवले. आई सांगे, त्या रात्री आपल्या गल्लीत कोणी झोपलं नाही.

आमच्या वेळी गावाला आवाज होता तो जुन्या मिलच्या भोंग्याचा. मुसलमान, माळी, कोष्टी, आपण, सगळे एकाच भोंग्यावर उठत. बायका त्यावर चूल पेटवत. मिल बंद झाली, पुन्हा नवी उघडली, अन् मार्च 2020 च्या लॉकडाऊनात यंत्रं थांबली. त्यानंतर मी फाटकाच्या आत गेलो नाही. शकुंतलाही बंद पडली. माझा पोरगा पुण्याला कंपनीत आहे. रात्री फोनवर विचारतो, "बाबा, आवाज काऊन येत नाही तिकडून?" मी सांगतो, गाव झोपलं.

म्हणून जे पाहुणे शांततेची तारीफ करतात, त्यांना मी चहा पाजतो, पण हो म्हणत नाही.

संध्याकाळी इथे विहारात अभ्यासिका चालते. वीस-बावीस पोरं-पोरी येतात, मोठ्यानं पाढे म्हणतात, गणितावरून भांडतात. समोरची आजी तक्रार करते, "लय कालवा करतात हो तुमची पोरं." मी म्हणतो, आजी, करू द्या.

जयभीम.