कामगार मालक झाल्यावर

विडी कामगारांना संरक्षण देणारा १९६६ चा कायदा केरळात अमलात येताच मंगळूरच्या बड्या विडी-कारखानदारांनी कण्णूरमधील काम बंद केले. हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यांच्यासाठी १९६९ साली राज्य सरकारच्या आर्थिक साहाय्याने ‘दिनेश विडी’ ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. जो कायदा मालकांना ‘परवडत नव्हता’, तोच पाळून ती चालली! पुढे विडीचाच खप घसरला, तेव्हा संस्थेला खाद्यपदार्थ, छत्र्या अशा धंद्यांकडे वळावे लागले. खाजगी मालक अशा वेळी भांडवल उचलून दुसरीकडे नेतो. मालक झालेल्या कामगाराने सोबत्यांना घरी बसवून कोठे जावे? म्हणून बरकतीच्या वर्षांतच नफ्यातून गंगाजळी राखली पाहिजे, आणि पुढचा धंदा कोणता, हा प्रश्न जुना चालू असतानाच सर्वसाधारण सभेपुढे आला पाहिजे.