दाखला भिंतीवर, जबाबदारी घराघरांत



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी आगीचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या मंडळाने पन्नास वर्षे परमुलखात आपल्या कुटुंबांना सांभाळले, त्याच्यापुढे घराच्या रक्षणाचा विचार मांडण्यात आम्हांला अनौचित्य दिसत नाही.

आमचे वास्तव्य रायबरेली मार्गावरील वृंदावन योजनेत आहे. उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसविलेल्या या वसाहतीत बैठ्या घरांबरोबर बहुमजली इमारतीही आहेत. वाड्याचाळींत वाढलेल्या आपल्या पिढीला संकटकाळी अंगणात धाव घेण्याची सवय. सातव्या मजल्याला अंगण नसते. तेथे सुटकेचा मार्ग म्हणजे जिना. तोच सायकली, कुंड्या आणि जुन्या कपाटांनी अडलेला असतो, आणि गच्चीच्या दाराला चोरांच्या भयाने कुलूप!

याच लखनौच्या हजरतगंज भागात ५ सप्टेंबर २०२२ रोजी ‘लेवाना’ हॉटेलला आग लागून चौघांचा अंत झाला. पुढे अनेक अधिकारी निलंबित झाले. गेलेले जीव परतले नाहीत. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे दगावली, ती प्रामुख्याने धुराने गुदमरून. बाल्कनीत वाढविलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडण्याची वाट अडविली होती.

कायदे आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर वा त्याहून उंच इमारत उत्तुंग गणली जाते व तिला अधिक कडक नियम लागू होतात. उत्तर प्रदेशाने २०२२ मध्ये अग्निशमन व आपत्कालीन सेवांचा नवा कायदा केला. आपल्यापैकी अनेकांच्या सदनिका पुण्या-ठाण्याकडे आहेत. त्यांनी महाराष्ट्राचा २००६ चा अधिनियम ध्यानी ठेवावा. त्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याचा भार मालकावर वा भोगवटादारावर असून, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. घर दूर आहे, ही सबब तेथे चालत नाही.

शासकीय सेवेत आयुष्य घालविल्याने कागदाचे मोल आम्ही जाणतो, आणि त्याची मर्यादाही. ना-हरकत दाखला मिळाला त्या दिवशी नळाला पाणी होते, एवढेच तो सांगतो. आज टाकी भरलेली आहे काय, पंप चालतो काय, अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे काय, हे रहिवाशांनीच पाहावयाचे असते.

गृहिणींना एवढीच विनंती: गॅसचा वास आल्यास विजेच्या बटनाला हात लावू नये, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात. आग लागल्यास लिफ्टऐवजी जिन्याने उतरावे, धुरात वाकून चालावे, आणि १०१ वा ११२ क्रमांकावर कळवावे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीमुळे त्या दिवशी बहुतेक मंडळी घरी असतात. मंडळाच्या प्रत्येक कुटुंबाने दरवर्षी त्या दिवशी शेजाऱ्यांना, मग ते कोणत्याही भाषेचे असोत, बरोबर घेऊन आपला जिना मोकळा करावा आणि गच्चीची किल्ली प्रत्येक मजल्यावर ठेवावी. महोत्सवी वर्षात एवढा संकल्प आपण सोडावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.