डोंगर पाहण्याची दृष्टी

(नाशिक परिसरातील डोंगररांगांवरील निसर्गचित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी मी ही सर्व चित्रे एकट्याने पाहून घेतली. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, रामशेज, सप्तशृंगगड, साल्हेर. सारी नावे आपल्या घरातलीच. तरीही एक गोष्ट मनाला बोचली. ज्या डोंगरांच्या सावलीत आपण वाढलो, ते आपण नीट पाहिलेलेच नाहीत.

चित्रकाराला मात्र पाहावेच लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून आपला सह्याद्री घडला. कठीण थराचा उभा कडा, खाली मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. ही उतरंड ज्याच्या ध्यानी आली नाही, त्याने रंगविलेला डोंगर कितीही सुंदर असो, तो आपल्याकडचा वाटत नाही.

येथील चित्रे पश्चिमेकडून पूर्वेकडे मांडली आहेत, हे मला विशेष भावले. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सिन्नरला जेमतेम पाच-सहाशे. त्यामुळे या भिंतीवरून चालत जाताना ओला, धुकट हिरवा रंग हळूहळू विरतो आणि गवताचा पिवळा, मग उघड्या मातीचा तांबूस रंग येतो. भूगोलाचा एक धडाच आपण चार पावलांत वाचतो.

नाशिकला जलरंगाची मोठी परंपरा आहे. शिवाजीराव तुपे यांच्यासारख्या ज्येष्ठ चित्रकाराने येथील निसर्ग आणि गोदाकाठ रंगविला, तो प्रत्यक्ष जागेवर बसून. जलरंगात चूक सहज पुसता येत नाही. पांढरा कागद कोठे कोरा सोडायचा, हे आधीच ठरवावे लागते. ऊन सरकण्यापूर्वी हात चालला पाहिजे. पावसाळ्यात तर कागद लवकर वाळतच नाही. अशी बैठक म्हणजे साधनाच होय.

आता थोडे कटू बोलतो. श्रावणाच्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायला हजारो भाविक लोटतात. गोदामाईचा उगम तेथलाच. त्याच ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उत्खननासाठी यंत्रे चालली, तेव्हा २०२१ मध्ये नाशिककरांना आवाज उठवावा लागला. डोंगर फोडला की त्यात मुरणारे पाणी, झरे आणि झाडी हे सारेच जाते. उद्या नातवाने विचारले, "आजोबा, येथे डोंगर होता ना?" तर आपण त्याला एखादे चित्र दाखवू. पण चित्रातून झरा वाहत नाही.

१६७२ च्या विजयाने गाजलेला साल्हेर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपल्याला अभिमान वाटला, तो रास्तच आहे. परंतु ज्यांच्या नावावर इतिहासाची मोहर नाही, अशा लहान टेकड्यांचे रक्षण कोणी करायचे? ज्याने त्या पाहिल्या आहेत, त्यानेच.

म्हणून माझी विनंती एवढीच. येथून एखादे चित्र जरूर घरी न्या. आणि येत्या रविवारी मुलांना कागद, रंग देऊन घराजवळच्या डोंगरासमोर तासभर बसवा. चित्र चांगले आले नाही तरी चालेल. त्या तासानंतर तो डोंगर त्यांना परका राहणार नाही.

प्रदर्शनाचे उद्घाटन झाले, असे मी जाहीर करतो.