पेठेतला पाठीराखा आणि परदेशी पाठीराखे

विश्वचषकाचे दिवस आले की कोल्हापूरच्या पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे फडकू लागतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीसाठी घसा कोरडा करणारा पाठीराखा परदेशी प्रेक्षकांकडे कौतुकाने पाहतो. त्यांचा जल्लोष उचलतो आणि कधी त्यांची ईर्षाही. ही ईर्षा कोठवर जाते, हे १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर दिसले. पाठीराख्यांच्या हाणामारीत भिंत कोसळून तेथे ३९ माणसे प्राणास मुकली.

परंतु त्यांची दुसरी परंपराही आहे. जर्मनीत बहुतेक व्यावसायिक क्लबांमध्ये मताधिक्य सभासदांच्या हाती राखणारा नियम आहे. एप्रिल २०२१ मध्ये धनाढ्य मालकांनी युरोपियन सुपर लीगचा घाट घातला, तेव्हा इंग्लंडमधील पाठीराखे रस्त्यावर उतरले. दोनच दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. पाठीराखा हा केवळ तिकीट काढणारे गिऱ्हाईक नसून खेळाचा वाटेकरी आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

कोल्हापूरच्या तालमी तर मुळातच पेठेच्या सामाईक संस्था. झेंडा कोणत्याही देशाचा लावावा. मात्र आपल्या तालमीच्या सभेत बसून हिशेब विचारण्याची जागरूकताही या पाठीराख्याने त्या परदेशी बांधवांकडून घ्यावी.