डोंगराचा पायथा आणि पाण्याची ठेव

वाळवंट म्हटलें कीं वाळूच्या टेकड्या, उंटांचा तांडा आणि दूरवर चमकणारें मृगजळ एवढेंच चित्र बहुधा डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु वाळवंटांतील माणसानें आपली वस्ती वाळूच्या मध्यभागीं क्वचितच केली. ती त्यानें पुष्कळदां डोंगराच्या पायथ्याशीं केली. इराणांतील कित्येक जुनीं शहरें घ्या, किंवा तकलामकान वाळवंटाच्या कडेचीं काशगर व खोतान हीं ठाणीं घ्या. त्यांच्या पाठीशीं पर्वत उभा आहे. असें कां व्हावें, याचें उत्तर पायथ्याच्या घडणींत आहे. आणि तें वाळवंटापासून दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यालाही विचार करावयास लावणारें आहे.

डोंगरांतून येणारा ओढा उतारावर असेपर्यंत मोठमोठे धोंडे लीलेनें ढकलीत आणतो. सपाटीवर येतांच त्याचा वेग मंदावतो आणि आणलेलें ओझें खालीं टाकणें त्याला भाग पडतें. प्रथम धोंडे, मग गोटे, मग रेती आणि शेवटीं गाळ, अशा क्रमानें ओढ्याच्या मुखाशीं पंख्याच्या आकाराचा थर सांचतो. असे अनेक पंखे एकमेकांस मिळाले म्हणजे पायथ्याला लागून जो सलग पट्टा तयार होतो, त्यास भूशास्त्रज्ञ 'बझाडा' म्हणतात. ह्या पट्ट्याच्या वरच्या अंगास पाणी गोट्यांतून झिरपून नाहींसें होतें, आणि खालच्या अंगास झऱ्याच्या किंवा विहिरीच्या रूपानें पुन्हा भेटतें. सूर्याच्या दृष्टीस न पडणारी ही ठेव इराणी लोकांनीं ओळखली, आणि जमिनीखालून 'कनात' नांवाचे बोगदे खोदून ती गांवापर्यंत आणली.

ही विद्या सातपुड्याच्या पायथ्याशींही येऊन पोंचली. बऱ्हाणपूर येथें १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळांत, ओळीनें विहिरी खणून व त्या भुयारानें जोडून डोंगराकडील पाणी शहरांत आणलें गेलें. तें काम आजही पाहावयास मिळतें. खानदेशांतील यावल व रावेर तालुक्यांच्या केळीच्या बागा अशाच बझाडा पट्ट्याच्या आधारानें वाढल्या. मात्र पावसानें भरलेल्या ठेवींतून उपसा अधिक होत गेल्यामुळें तेथील विहिरींचें पाणीही खोल खोल गेलें आहे.

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील आष्टी, कारंजा, आर्वी व सेलू ह्या तालुक्यांचा डोंगराळ मुलूख हाही सातपुड्याच्याच शाखांचा. येथील गरमसूरचा माथा सुमारें दोन हजार फूट उंच आहे, तर वर्धा शहर आठशे फुटांच्या आंतच वसलेलें आहे. धाम नदी ह्याच डोंगरांत उगम पावून पवनारवरून पुढें जाते. बोर नदीही ह्याच भागांतील असून तिच्यावरील धरणाभोंवतालच्या अरण्यास २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. नकाशा पाहणारास वाटावें कीं, येथेंही पायथ्याशीं पाण्याची तशीच मोठी ठेव असेल. वस्तुस्थिति निराळी आहे. तापीच्या खोऱ्यांत भूमि खचून खोलगा झाला व त्यांत गाळाचे जाड थर बसले; वर्धेच्या ह्या बाजूस तसा खोलगा नाहीं. येथें थोड्याशा मातीखालीं मुरूम आणि मुरुमाखालीं काळा कठीण पाषाण लागतो. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून निघालेल्या तप्त रसाचे हे थर होत.

ह्या पाषाणांत पोकळ्या नाहींत असें नाहीं. परंतु त्यांपैकीं पुष्कळ पोकळ्या दुसऱ्या खनिजांनीं भरून गेलेल्या आहेत. जिल्ह्याच्या दक्षिण भागांत गिरड येथें शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर असे वाटोळे खडे विखुरलेले आढळतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनीं अवलियाची थट्टा केली, म्हणून त्यांच्या सर्व मालाचे दगड झाले, अशी कथा त्यांविषयीं सांगतात. भूशास्त्र त्यांस झिओलाइट जातीचीं खनिजें म्हणतें. कथा कोणतीही घेतली तरी पाण्याच्या दृष्टीनें अर्थ एकच: जेथें जागा असावयाची, तेथें दगड बसला आहे. पाण्यास थारा काय तो फटींत आणि मुरुमांत.

इराणच्या मध्यभागीं वर्षाकाठीं दोनशे मिलिमीटर पाऊस पडणें कठीण; वर्ध्यास हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो, आणि उतारावरून धांवत जाऊन वर्धा नदीस मिळतो. जातांना तो बरड शेतांतील मातीही घेऊन जातो. वैशाखांत साग निष्पर्ण होतात, ओढ्यांत नुसते गोटे उरतात, गवळाऊ गाईंचे कळप कोरड्या डोहांवरून परततात आणि डोंगरांतल्या स्त्रीला हंड्यासाठीं दरी उतरावी लागते. गेलेलें पाणी पुढल्या मृगांत येईल. गेलेली माती मात्र नातवाच्या हयातींतही परत येणार नाहीं. पावसाचें दान मोठें असूनही सांठवणाचें कोठार लहान, हें ह्या पायथ्याचें खरें दारिद्र्य आहे.

हें कोठार थोडें वाढवितां येतें, याचा दाखला आर्वी तालुक्यांतील काकडदरा ह्या कोलाम आदिवासींच्या लहानशा गांवानें दिला. २०१७ सालीं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेंत, ऐन उन्हाळ्याच्या ४५ दिवसांत, ह्या गांवानें श्रमदानानें जलसंधारणाचीं कामें केलीं, आणि साऱ्या महाराष्ट्रांत पहिला क्रमांक मिळविला. उतारास आडवा चर खणला म्हणजे धांवतें पाणी थबकतें, बरोबरची माती तेथेंच टाकतें आणि हळूहळू मुरुमांत उतरतें. ओढ्यांचे पंखे जें काम करतात, तेंच हें काम. फरक इतकाच कीं, तेथें तें निसर्गानें युगानुयुगें केलें आणि येथें तें कुदळीनें करावें लागतें. चर गाळानें भरतात, म्हणून तें एकदां करून संपतही नाहीं. शिवाय यावल-रावेरचा अनुभव ध्यानांत घेतां, जेथें निसर्गाचें कोठार विस्तीर्ण तेथेंही हिशेब चुकतो, तर जेथें तें वीतभर आहे तेथें उपशाची मर्यादा किती कसोशीनें पाळली पाहिजे, हें निराळें सांगावयास नको.

वर्धा शहरांतील घराघरांत धाम नदीचें पाणी नळानें येतें. तोटी फिरविणाऱ्या हातास कारंज्याचे डोंगर दिसत नाहींत. पण तें पाणी तेथूनच निघालेलें असतें. त्या डोंगरावर माती किती राहिली आणि झाडें किती राहिलीं, यावरच त्या तोटीचें भवितव्य अवलंबून आहे. पायथ्याचें दुःख पायथ्याशींच राहत नाहीं; तें उताराच्याच वाटेनें खालीं शहरापर्यंत येतें.